दोरी धरायला कुणीतरी लागेलच

*पत्र*

ताई, सप्रेम नमस्कार.

मी चोपडा तालुक्यातल्या एका गावात राहते. वय ६८. घरात लहानमोठे सगळे मला मोठी माय म्हणतात. केळीची बाग आहे, थोडी कपाशी आहे. एकुलता एक मुलगा सोळा वर्षांपासून अमेरिकेत आहे, आता तिथलाच नागरिक झाला. तो ४६ चा, सून ४३ ची, धुळ्याची. लग्नाला चौदा वर्षं झाली. डॉक्टर खूप झाले, दोनदा दिवस राहून गेले. मग भारतातून मूल दत्तक घ्यायला त्यांनी नाव नोंदवलं. तीन वर्षं वाट पाहिली, काही झालं नाही. पुढे आम्हाला न सांगता दुसऱ्याच देशाचे कागद केले. दिवाळीत व्हिडिओ कॉलवर सांगितलं की कोलंबिया नावाच्या देशातली दोन भावंडं मिळणार आहेत. मुलगी दहा वर्षांची, मुलगा सहाचा. फोटो पाठवला. पोरगी भावाचा दंड घट्ट धरून उभी आहे. मी तो फोटो भजनी मंडळातल्या दोघी-तिघींना दाखवलासुद्धा.

यांना आम्ही आप्पा म्हणतो. ते त्या दिवसापासून फोनवर येत नाहीत. म्हणतात, "रक्त आपलं नाही, जात माहीत नाही, देश माहीत नाही. अशी पोरं कुठून आणतात, विकत घेतात का, कोण जाणे. आणि इतकी मोठी पोरं कधी आपली होतात का? घ्यायचंच होतं तर इथलं एखादं अनाथ लेकरू घ्यायचं." पुतणे तोंडावर काही बोलत नाहीत, पण बाग आता आपलीच, असं त्यांच्या मनात आलंय हे मला कळतं.

आता मुलाने फोटो मागितलाय. तो अल्बम करतोय, पोरांना आधी दाखवायला. त्यात गावचं घर, बाग, मी आणि आप्पा हवेत. आप्पा म्हणाले, "माझा फोटो पाठवलास तर बघ." मी त्यांना न सांगता एखादा जुना फोटो पाठवून देऊ का? नातीसाठी मी नाव केव्हाच ठरवून ठेवलं होतं, ते ठेवता येईल का? पोरांना मराठी येत नाही, मला त्यांची भाषा येत नाही. मी आजी कशी होऊ?

— मोठी माय

*उत्तर*

मोठी माय, तुमच्या घरात सगळे म्हणतात म्हणून मीही तेच म्हणते.

चोरून फोटो पाठवू नका. जुना तर नकोच.

मुलाने मागितलेला अल्बम ही हौस नाही. परदेशी दत्तक जाणाऱ्या मोठ्या मुलांसमोर नवे आईवडील एकदम आणून उभे करत नाहीत. आधी मुलांच्या मनाची तयारी करून घेतात, आणि त्या तयारीत हा अल्बम त्यांच्या हातात देतात. हे बाबा, ही आई, ही तुझी खाट, हा शेजारचा कुत्रा. भेट व्हायच्या कितीतरी आधीपासून ते मूल त्या पानांवरून बोट फिरवत असतं. तुम्ही आणि आप्पा त्या पोरांचा फोटो पाहून विचार करताय ना, की ही आपली होतील का? तिकडे ती दहा वर्षांची पोर तुमचा फोटो हातात धरून हाच विचार करणार आहे. फरक इतकाच, की तुमच्यामागे घर आहे, बाग आहे, भाऊबंद आहेत. तिच्यामागे सहा वर्षांचा भाऊ आहे.

मी बावीस वर्षं दत्तकाच्या कामात काढली. धुळे, जळगाव, नंदुरबार अशी फिरले. घरोघरी जाऊन गृहभेटीचे अहवाल लिहायचे, आणि संस्थेतल्या मुलांना नव्या घरासाठी तयार करायचं. एकदा आमच्याकडच्या सात वर्षांच्या मुलीसाठी युरोपातलं एक जोडपं ठरलं. त्यांचा अल्बम आला. जाड पुठ्ठ्याचा, प्रत्येक फोटोखाली कुणाकडून तरी लिहून घेतलेली मराठी ओळ, तीही चुकीची: 'हा आमची घर आहे'. मुलीने घर पाहिलं, गाडी पाहिली, आईबाबा पाहिले, पानं उलटत गेली. शेवटच्या पानावर एक म्हातारा उभा होता. बुटांना चिखल, हातात दोरी, दोरीला शेळी. तिथे पोरगी थांबली.

"शेळीचं नाव काय?"

मला काय माहीत! म्हटलं, विचारून सांगते. दुसऱ्या दिवशी मी चपला काढते न काढते तोच, "विचारलं का?" चार दिवस हेच. शेवटी मेल केला. नाव कळलं, वर शेळीला दोन करडं झाल्याची बातमीही आली. त्या रात्रीपासून अल्बम तिच्या उशाखाली. नव्या आईबाबांना ती भेटली ते पुढे बऱ्याच दिवसांनी. त्या घरात ती आधी शिरली ती शेळीच्या बाजूने.

म्हणून आप्पांना माझा निरोप सांगा. तुमचा फोटो नको, बैलजोडीचा द्या. तुमच्याकडे बैल आहेत की ट्रॅक्टर आल्यावर विकले, ते पत्रात नाही. बैल नसतील तर गाय चालेल, गोऱ्हा चालेल, वाड्यातलं कुत्रंही चालेल. फक्त जनावर एकटं फोटोला उभं राहत नाही. दोरी धरायला कुणीतरी लागेलच.

एवढं करूनही ते उभे राहिले नाहीत, तर त्यांच्याशिवाय फोटो काढा आणि मुलाला खरं सांगा की आप्पा अजून तयार नाहीत. त्याला वाईट वाटेल, पण तो समजून घेईल. जुना, हसरा, लग्नातल्या फेट्यातला फोटो पाठवलात आणि उद्या ही पोरं ओसरीवर आल्यावर तोच माणूस पाठ फिरवून बसला, तर ते त्या पोरीच्या ताबडतोब लक्षात येईल. जिचं घर एकदा मोडलंय, ती माणसांचे चेहरे फार बारकाईने वाचते.

आता आप्पांचे प्रश्न. ते मी झटकणार नाही. त्यातला एक तर अगदी बरोबर आहे आणि शिकलेली माणसंही तो विचारायला कचरतात: पोरं कुठून आणतात, विकत घेतात का?

जगात असं झालेलं आहे. दक्षिण कोरियातून काही दशकांत लाखावर मुलं परदेशी गेली. त्यांतल्या कित्येकांच्या कागदांवर आईबाप असूनही 'अनाथ' लिहिलेलं होतं, हे पुढे तिथल्याच सरकारी सत्यशोधन आयोगाने २०२५ मध्ये मान्य केलं. नेदरलँड्सने असेच गैरप्रकार उघड झाल्यावर २०२१ मध्ये परदेशी दत्तक थांबवलं. इथिओपियाने २०१८ मध्ये आपली मुलं बाहेर देणं बंद केलं. चीननेही २०२४ मध्ये, नात्यातली प्रकरणं सोडून, दार लावून घेतलं. आपल्याकडेही १९८४ मध्ये लक्ष्मीकांत पांडे खटल्यात सर्वोच्च न्यायालयाला परदेशी दत्तकासाठी नियम घालून द्यावे लागले. ते का, ते आप्पांना सांगायला नको. पोराबाळांच्या नावाने पैसा खाणारे सगळीकडे असतात.

असल्या प्रकारांना आळा घालायला १९९३ मध्ये परदेशी दत्तकाचा आंतरराष्ट्रीय हेग करार आला. भारत, अमेरिका आणि कोलंबिया हे तिन्ही देश त्यात आहेत. त्यातली पहिली अट अशी की मुलाला आधी त्याच्याच घरात, तिथे जमलं नाही तर त्याच्याच देशात जागा शोधायची, आणि ती मिळाली नाही तरच बाहेर पाहायचं. दुसरी अट: या व्यवहारात कुणी गैर कमाई करायची नाही. खर्च होतो, भरपूर होतो. गृहभेट, भाषांतरं, शिक्के, विमान, महिनाभराचं राहणं. पण तो कागदांचा आणि प्रवासाचा खर्च असतो. कोलंबियात तर मूल कुणाकडे जाणार हे त्यांची सरकारी बालकल्याण संस्था ठरवते. मूल दत्तकासाठी मोकळं आहे की नाही, हे त्यांचा सरकारी अधिकारी आधी चौकशी करून जाहीर करतो. तरीही आप्पांनी हा प्रश्न मुलाला थेट विचारावा. "या पोरांचं त्यांच्या देशात कुणी नव्हतं का, ते कुणी तपासलं?" असं. बाप म्हणून हा प्रश्न शोभतो. आणि मुलाकडे उत्तर असेल, कारण त्याच्या हातात पोरांचा अहवाल असतो. कदाचित तीन महिन्यांनी बापलेक पहिल्यांदा बोलतील ते याच विषयावर बोलतील.

'इथलं लेकरू का नाही' याचं उत्तर तुमच्याच पत्रात आहे. त्यांनी नाव नोंदवलं होतं. आपल्याकडे सगळी नोंदणी आता 'कारा' या केंद्रीय यंत्रणेच्या एकाच रांगेत होते. रांगेत पालक तीस हजारांहून अधिक, आणि वर्षाला दत्तक जाणारी मुलं चार-साडेचार हजार. अनाथाश्रम पोरांनी भरलेत आणि घेणारं कुणी नाही, ही समजूत जुनी झाली. त्यात वयाचा हिशेब असतो: नवराबायकोच्या वयांची बेरीज ८५ च्या वर गेली की दोन वर्षांखालचं मूल मिळत नाही. तुमच्या मुलाची आणि सुनेची बेरीज आता ८९. त्यांनी देश बदलला तेव्हा बहुतेक तान्ह्या बाळाचा हट्टही सोडला असणार. कोलंबियातून परदेशी जातात ती मुख्यतः अशीच मुलं: वयाने मोठी, भावंडांसह असलेली किंवा आजारपण असलेली. तान्ही बाळं तिथल्या तिथेच घरी जातात. दोघांना एकत्र नेणारं घर मिळेना म्हणून ही दोघं थांबली असतील. तुमच्या मुलाने 'दोघंही' म्हटलं. माझ्या मते त्याच्या आयुष्यातलं हे फार मोठं वाक्य आहे, आणि ते ऐकायला बाप फोनवर नव्हता.

आणखी एक, आप्पांच्याच मुलखातलं. 'इतकी मोठी पोरं आपली होतात का?' १८७५ मध्ये बडोद्याच्या जमनाबाई महाराणींनी दत्तक घेतलं ते मालेगावजवळच्या कवळाण्याच्या शेतकऱ्याच्या पोराला. गोपाळ त्याचं नाव. तेव्हा तो बारा वर्षांचा होता, अक्षरओळख नव्हती. पुढे तो सयाजीराव गायकवाड झाला आणि त्याने बडोद्यात मुलींच्या शाळेपासून ग्रंथालयांपर्यंत काय काय केलं ते सगळ्यांना ठाऊक आहे. राजघराण्याला बारा वर्षांचा पोरगा चालला. तुमच्या घराला दहाची पोर जड होऊ नये. (हे वाक्य आप्पांना वाचून दाखवा, पण जेवण झाल्यावर.)

आता नावाचं. इथे मला माझी एक चूक सांगायची आहे.

पुष्कळ वर्षांपूर्वी आमच्या संस्थेतून सहा वर्षांचा एक मुलगा तापीकाठच्या एका घरी गेला. आईवडिलांनी विचारलं, "नाव बदलू का?" मी म्हटलं, बदला, नवं घर नवं नाव, लवकर रुळेल. तेव्हा आम्ही सगळे असंच सांगायचो. वर्षभराने भेटीला गेले. पोरगा गुटगुटीत झाला होता, शाळेत जात होता, सगळं छान. त्याची कंपासपेटी माझ्यासमोर उघडी पडली होती. झाकणाच्या आतल्या बाजूला खिळ्याने कोरून त्याने आपलं जुनं नाव लिहिलं होतं. नुकती अक्षरं शिकला होता, त्यामुळे वेलांटी उलटी. आईने पाहिलं, मी पाहिलं, दोघी काही बोललो नाही. मी त्याच्याजवळचं एकमेव सामान काढून घ्यायला सांगितलं होतं.

कोलंबियाचा कायदा त्या वेळच्या माझ्यापेक्षा शहाणा आहे. तिथे आडनाव नव्या आईवडिलांचं लागतं, पण मुलाचं स्वतःचं नाव बदलायचं तर ते तीन वर्षांखालचं तरी हवं, किंवा त्याची स्वतःची संमती हवी, नाहीतर न्यायाधीशाला कारण पटायला हवं. त्यामुळे दहा वर्षांच्या पोरीचं नाव ठेवायची संधी तुमच्या हातून गेली, मोठी माय. गेली ते बरं झालं. तुम्ही मनात जपलेलं नाव वाया जाणार नाही. आपल्याकडे कुणाला एकच नाव असतं? कागदावर एक, घरात दुसरं, मामाच्या गावाला तिसरं. तुमचं तरी रेशनकार्डावरचं नाव कोण घेतं? वर्ष-दोन वर्षांनी कधीतरी तिला सांगा की तुझ्यासाठी मी एक नाव ठेवलं होतं. तिला आवडलं तर ती घेईल. तोवर तिचं नाव नीट उच्चारायला शिका. मुलाकडून दहा वेळा म्हणून घ्या. आपण मऊ करून, मराठी करून म्हणतो तसं नाही. तिची आई जसं म्हणत असेल तसं.

हो, आई. तिला आई होती. तुमच्याकडे बाया येतील, सुपारी कातरता कातरता विचारतील, "खरे आईबाप कोण होते म्हणे? मेले की टाकून दिलं?" मुलाने तुम्हाला त्यातलं काही सांगितलं असेल किंवा पुढे सांगेल. ते तुमच्या पोटात राहू द्या. ती हकिगत त्या पोरीची मालमत्ता आहे, बागेइतकीच पक्की. "माहीत नाही बाई, आणि माहीत असतं तरी ते तिचं आहे," एवढं म्हणायचं आणि चहाला उठायचं. आणि भजनी मंडळात फोटो दाखवलात तिथे थांबा. न्यायालयाचा निकाल लागेपर्यंत ती पोरं कायद्याने अजून तुमची नाहीत. त्यांचा फोटो व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर, स्टेटसवर, कुठेही जाता कामा नये. एखाद्या पुतणीने हौसेने 'आमचे नवे पाहुणे' म्हणून टाकला, तर त्याचा त्रास तुमच्या मुलाला होईल. ज्या दोघी-तिघींना दाखवलात त्यांच्या मोबाईलमध्ये तो गेलेला नाही ना, तेवढं आज बघा.

जमिनीचं थोडक्यात, कारण तो वकिलाचा विषय आहे. तुमचा मुलगा परदेशी नागरिक झाला. त्याला इथे शेतजमीन विकत घेता येत नाही, बक्षीसपत्रानेही घेता येत नाही, पण वारसाने मिळू शकते. तेव्हा कुणी घाईने बक्षीसपत्र सुचवलं तर सही करू नका. आप्पांनी मृत्युपत्र करावं आणि ते नोंदवावं. वडिलोपार्जित किती आणि स्वतः घेतलेली किती, हे सातबारा समोर ठेवून वकिलाला दाखवावं. पुतण्यांच्या मनात काय आहे याचा शोध घेत बसू नका. कागद झाला की मनातलं आपोआप बसतं.

पुढचे दोन-तीन महिने काय होईल ते सांगते, म्हणजे फोन आला नाही तर जीव घाबरा होणार नाही. मुलगा-सून दोघांना तिकडे जावं लागेल. पहिली भेट अधिकाऱ्यांसमोर होते. मग काही दिवस चौघं एकत्र राहतात, आणि जुळतंय का ते तिथली माणसं बघतात. मुलगी दहाची आहे, तिचं म्हणणं विचारात घेतलं जातं. मग प्रकरण न्यायालयात. निकाल लागला की पोरांचे नवे जन्मदाखले, मग त्यांच्या देशाचे पासपोर्ट, मग बोगोटाच्या अमेरिकन वकिलातीत व्हिसा. यात महिना-दीड महिना सहज जातो. अमेरिकेत उतरल्यावर, कागद नीट असतील तर, २००० सालच्या कायद्याने पोरं तिथली नागरिक होतात. त्यानंतरही दोनेक वर्षं कोलंबियाला अहवाल पाठवावे लागतात, पोरं कशी आहेत म्हणून. पोरं देऊन ते लोक विसरत नाहीत, हेही आप्पांना सांगण्यासारखं आहे.

चोपड्याला ती कधी येतील? लगेच बोलावू नका. पहिलं वर्ष त्यांचं त्यांना राहू द्या. दोन देश, दोन भाषा, नवी शाळा एवढं पुष्कळ झालं. येतील तेव्हा पहिल्या दिवशी मीठ-मोहऱ्या ओवाळून दृष्ट काढायला जाऊ नका. अनोळखी म्हातारी मूठ आवळून आपल्याभोवती फिरवतेय आणि मग विस्तवात तडतड होतेय, हे सहा वर्षांच्या पोराला कसं दिसेल? गालाचे पापे नकोत. आणि ताट वाढाल तेव्हा पोराला घास भरवू नका, ताट आधी बहिणीच्या हातात द्या. फोटोत तिने भावाचा दंड घट्ट धरलाय असं तुम्हीच लिहिलंत. अशी पोर भावाची आई झालेली असते. तिच्या हातून ते काम हळूहळू सुटावं लागतं. ओढून घेतलं तर ती तुम्हाला शत्रू समजेल. एखादे दिवशी तिच्या पिशवीत, उशीखाली भाकरीचा तुकडा, बिबड्याचे तुकडे सापडतील. रागवायचं नाही, विचारायचंही नाही. पोळ्यांचा डबा तिला दिसेल, हात पोचेल, अशा फळीवर ठेवायचा.

'मी आजी कशी होऊ' हा तुमचा खरा प्रश्न, आणि त्याचं उत्तर तुमच्या बागेत आहे. फोटो ओसरीवर काढू नका. केळीत काढा.

कोलंबिया हा केळीचा देश आहे. जगभर केळी पाठवतात ते. निर्यातीची त्यांची केळी आणि तुमच्या बागेतलं ग्रँड नैन, दोन्ही कॅव्हेंडिश घराण्यातली. शिवाय त्यांच्याकडे भाजीचं मोठं केळं असतं. ते हिरवं असताना जाड कापून तळतात, ठेचून चपटं करतात आणि पुन्हा तळतात. पाताकोन म्हणतात त्याला. मक्याच्या जाड भाकरीसारखा अरेपा असतो, आपले सातपुड्यातले पावरा लोक मक्याची भाकरी करतात त्याचा लांबचा भाऊ म्हणा. ती पोर बोगोटाच्या थंडीत वाढली असो की खाली उष्ण मुलखात, केळीचं पान तिच्या ओळखीचं असणार. अमेरिकेतलं घर तिला अनोळखी, बर्फ अनोळखी, आईबाबा अनोळखी. आणि अल्बमच्या शेवटी एक म्हातारी नऊवारीत, मागे लोंबणारा घड. तिथे ती थांबेल, असं मला वाटतं. तुम्हाला झेपेल तर घडावर हात ठेवून उभ्या राहा. उन्हात नको, चेहरा काळवंडतो. सकाळी आठच्या सुमाराला. डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढू नका, डोळे दिसू द्या.

फोटोखाली काय लिहायचं ते मुलाला ठरवू दे, पण सोबत एक आवाज पाठवा. मोबाईलवर, दोन वाक्यांचा. त्यांच्या भाषेत आजीला आबुएला म्हणतात. तुम्ही मोठी मायच राहा. त्यांची भाषा तोडकीमोडकी बोलायची नाही असं नाही, पण पहिल्यांदा तुमचीच ऐकू द्या, अहिराणी. "मी आठे शे." एवढंच. मुलगा खाली त्यांच्या भाषेत लिहील: 'आकी एस्तोय'. दोन्हीचा अर्थ एकच, मी इथे आहे. शब्द कळायच्या आधी मुलांना आवाज कळतो, आणि तुमचा आवाज रोज मळ्यात माणसं हाकारणारा, खणखणीत असणार.

मुलगा-सून तिकडे पोचले की फोनची एक वेळ ठरवून घ्या. चोपड्याला संध्याकाळचे सात वाजतात तेव्हा बोगोटात सकाळचे साडेआठ. पोरं नाश्त्याला बसलेली असतील. मुलाला सांगा, मला कुणाशी बोलायचं नाही, फोन फक्त टेबलावर ठेव. तुमच्याकडचा फोन तांब्याला टेकवून उभा करा आणि मेथी निवडायला बसा. पोरगा पडद्यासमोर येणार नाही, पोरगी एकदा येऊन जाईल, पाहील, पुन्हा जाईल. हाक मारू नका. आप्पांनाही हाक मारू नका. त्यांची खाट त्याच ओसरीत असेल ना? तिथून त्यांना पोरांचं हसणं-भांडणं ऐकू येईल. जुडी संपली की दुसरी घ्या.